हिवाळी पेरणीचे कॅन: नाव कुठे लिहायचं, झाकण कधी उघडायचं

हिवाळी पेरणी म्हणजे कडक हिवाळ्याच्या प्रदेशात पारदर्शक डबा अर्धा कापून, तळाला भोकं पाडून, माती भरून, बी पेरून, झाकून थेट बाहेर बर्फात ठेवायचा; बी थंडीत थांबतं आणि आपल्या वेळेला उगवतं. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात दुधाचे एक-गॅलनी प्लॅस्टिकचे २२ कॅन कापून त्यांत बिया पेरल्या आणि मागच्या अंगणात ठेवल्या. परमनंट मार्करने लिहिलेली नावं एप्रिलपर्यंत उडाली. केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) कुठली आणि मोहरी कुठली, कळेना. कोथिंबीर लांबुडकी होऊन आडवी पडली, मिरची उगवलीच नाही, आणि बर्फ वितळल्यावर चार कॅन पाण्याने तुडुंब भरले. या वर्षी नावं कशी टिकवायची आणि एवढे कॅन सांभाळायचे कसे?

आधी मार्करचं बघू, कारण चूक तुमची नाही, शाईची आहे. साध्या परमनंट मार्करमधला रंग विरघळणारा असतो. तो पाण्याने जात नाही म्हणून ‘परमनंट’, पण उन्हातले अतिनील किरण तो रंग हळूहळू तोडतात. डिसेंबरात कोरीव काळं दिसणारं अक्षर मार्चमध्ये जांभळट आणि एप्रिलमध्ये गायब. त्यात दुधाच्या कॅनचं प्लॅस्टिक (तळाला त्रिकोणात २ हा आकडा असतो तेच) मेणासारखं गुळगुळीत. त्यावर शाई मुळातच नीट धरत नाही. दोन-तीनदा हात फिरला, बर्फ घासला गेला की ती जाते.

टिकतं ते असं. एक, काळा ऑइल-बेस्ड पेंट मार्कर. त्यात रंगाचे घन कण असतात आणि ते उन्हाला दाद देत नाहीत. लिहायच्या आधी ती जागा बारीक पॉलिश पेपरने दोन हात घासायची, रबिंग अल्कोहोलने पुसायची, लिहायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. दोन, साधी शिसपेन्सिल. हसू नका. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बन. ऊन त्याचं काही करू शकत नाही. मॅट पृष्ठभागाच्या प्लॅस्टिकपट्टीवर मऊ पेन्सिलीने दाबून लिहिलेलं पुढच्या हिवाळ्यातही वाचता येतं. पट्टी चकचकीत असेल तर तीही आधी घासून घ्यायची. तीन, दोन वर्षं टिकवायचं असेल तर ॲल्युमिनियम. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून दोन बोटं रुंद पट्टी कापायची, खाली जाड वर्तमानपत्र घ्यायचं आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचं. अक्षर उमटतं ते खाच म्हणून, शाईचा संबंधच नाही. कडा मात्र दुमडून घ्या, हात कापतो.

जे टिकत नाही त्याचीही नोंद करून ठेवा: आइस्क्रीमच्या काड्या (ओलीने काळ्या पडतात, बुरशी चढते, शाई पसरते), मास्किंग टेप (पहिल्या पावसात सुटते), कागदावर लिहून त्यावर लावलेली पारदर्शक टेप (आत पाणी शिरतं, टेप पिवळी पडून तडकते) आणि बियांचं पाकीट काडीला टोचून ठेवणं. शेवटचा प्रकार फोटोत सुरेख दिसतो, अंगणात आठवडाभर.

पण शाई बदलली की काम झालं असं नाही. मोठी सुधारणा जागेत आहे. आपण नाव दिसावं म्हणून कॅनच्या बाहेर, वरच्या बाजूला, म्हणजे नेमकं उन्हात लिहितो. ते उन्हापासून लपवायला हवं. त्यासाठी प्रत्येक कॅनवर एकच क्रमांक तीन ठिकाणी घाला.

पहिली जागा कॅनचा तळ, बाहेरून. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे साधा मार्करही तग धरतो. हे लिखाण कॅन रिकामा, कोरडा आणि घरात असतानाच करायचं. माती भरल्यावर कॅन उलटा करता येत नाही आणि ओल्या थंडगार प्लॅस्टिकवर कुठलाच मार्कर चालत नाही.

दुसरी जागा आतली पट्टी. जुन्या खिडकीच्या ब्लाइंड्सच्या पट्ट्या यासाठी उत्तम. १२–१५ सेंटीमीटरचे तुकडे कापायचे. पट्टीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लिहायचा आणि एक टोक ५ सेंटीमीटर मातीत खोचायचं, कॅनच्या कोपऱ्याला टेकवून. दुधाचा कॅन अर्धपारदर्शक असतो, आतल्या पट्टीवरही थोडं ऊन येतंच. वरचं टोक फिकं झालं तरी मातीतलं टोक शाबूत राहतं. पट्टी उपसून पाहिली की क्रमांक तिथे असतो.

तिसरी जागा बाहेरची टेप, ती फक्त येता-जाता वाचायला. ती उडाली तर उडू दे.

क्रमांकच लिहा, नाव नको. ‘पालक, लांब पानाचा, १५ फेब्रु.’ एवढं दोन बोटांच्या पट्टीवर लिहिलं की अक्षर बारीक होतं आणि बारीक अक्षर आधी पुसतं. ‘२६-०७’ हे ठळक लिहिता येतं. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन कॅनचे. वर्ष कशाला? काही बहुवर्षायू फुलझाडांच्या बिया पहिल्या वसंतात उगवतच नाहीत, त्यांना दोन हिवाळे लागतात. तो कॅन पुढच्या वर्षीच्या नव्या कॅनमध्ये मिसळला की दोन ‘७’ तयार होतात.

इथे मराठी घरातला एक खास घोळ आहे. आकडे देवनागरीत लिहायचे की इंग्रजीत, हे आधी ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. देवनागरी ४ थोडा पुसला की इंग्रजी आठ दिसतो, देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा, आणि ७ कडे घाईत पाहिलं तर इंग्रजी सहा. आजींनी एका लिपीत लिहिलं आणि मुलाने दुसऱ्या लिपीत वाचलं की वांग्याच्या वाफ्यात टोमॅटो जातात. इंग्रजी आकडे वापरत असाल तर सहा आणि नऊ यांच्याखाली एक आडवी रेघ ओढा. तळावरचा आकडा कॅन कुठल्याही बाजूने उचलून वाचला जातो, तिथे सरळ-उलटं कळत नाही.

बाकी सगळं वहीत. वही घरात, कोरडी. एक ओळ अशी दिसते: ‘२६-०७ / पालक / पाकिटावरचं वाणाचं नाव, पाकिटाचं वर्ष / पेरणी १५ फेब्रु. / २० बिया, ४ ओळींत ५-५ / पिवळी टेप / दुसरी रांग, कुंपणाकडून तिसरा’. पुढे जागा मोकळी ठेवायची: पहिला अंकुर कधी, किती उगवले, कधी लावले. शेवटी अंगणातल्या मांडणीचा एक साधा नकाशा वहीतच काढा आणि फोनवर फोटो घ्या. बर्फाखाली सगळे कॅन सारखेच पांढरे दिसतात, तेव्हा नकाशाच उपयोगी पडतो. मात्र नकाशा हा लेबलाला पर्याय नाही. फेब्रुवारीतल्या एका वादळी रात्री मांडणी बदलते.

‘४ ओळींत ५-५’ हे उगाच लिहिलेलं नाही. बी भुरभुरून टाकू नका, आखून टाका. कॅन वरून उघडा असल्याने वाऱ्याबरोबर तणाचं बीही आत येतं, आणि दोन पानांच्या अवस्थेत तण आणि पीक यांत फरक करणं अनुभवी माणसालाही अवघड जातं. ओळीत उगवलेलं आपलं, ओळीबाहेरचं संशयित. अमेरिकेत भरपूर येणारं एक तण म्हणजे आपला चाकवतच. त्यामुळे ओळीबाहेर तो आला तर उपटून टाकण्याआधी भाजीचा विचार करायला हरकत नाही.

केल आणि मोहरीची अदलाबदल का झाली, हेही यातच आलं. मोहरी, केल, कोबी, ब्रोकोली, मुळा, सगळे एकाच कुळातले. सगळ्यांची पहिली दोन पानं बदामाच्या आकाराची, मध्ये खाच असलेली. खरी पानं दोन-तीन आल्याशिवाय ओळख पटत नाही आणि तोवर लावणीची वेळ झालेली असते. टोमॅटोच्या दोन वाणांचं तर फळ लागेपर्यंत काही सांगता येत नाही. म्हणून एका कॅनमध्ये एकच वाण. अर्धा कॅन हे, अर्धा ते, असं केलं तर नावं राहतात पण वेळापत्रक बिघडतं: एकाला उघडायची वेळ झालेली असते तेव्हा दुसरं उगवलेलंही नसतं.

आता कॅनकडे वळू. बी थंडीत थांबतं आणि आपल्या वेळेला उगवतं. या पद्धतीला हिवाळी पेरणी हे नाव न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या ट्रुडी डेव्हिडॉफ यांच्यामुळे रूढ झालं. महाराष्ट्रात तिचा उपयोग नाही, तिथल्या बियांना अशी थंडी लागत नाही आणि आपली थंडी तेवढी नसतेही.

तुमचे चार कॅन तुंबले ते भोकांमुळे, आणि बहुधा भोकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जागेमुळे. कॅन उलटा करून तळ बघा. मधला भाग आतल्या बाजूला उचललेला असतो आणि पाणी साठतं ते कडेच्या खोलगट पट्ट्यात. बहुतेक जण भोकं मधोमध पाडतात, म्हणजे नेमकी उंचावर. कडेच्या पट्ट्यात ६ मिलिमीटरची ८ ते १० भोकं पाडा, आणि बाजूच्या भिंतींवर तळापासून १ सेंटीमीटर उंचीवर आणखी ४. तळाची भोकं बर्फाने बुजली तरी बाजूची चालतात. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने किंवा सोल्डरिंग आयर्नने भोकं छान पडतात, पण ते काम खिडकी उघडून किंवा बाहेर करा, धूर चांगला नसतो. मग रिकाम्या कॅनमध्ये अर्धा लिटर पाणी ओतून पाहा. मिनिटभरात सगळं निघून गेलं नाही तर आणखी भोकं.

कापायचं तळापासून साधारण १० सेंटीमीटरवर, कॅन धरायच्या मुठीखालचा दोन-तीन इंच भाग तसाच ठेवून. तीच बिजागरी. आत ८ ते १० सेंटीमीटर पॉटिंग मिक्स (कुंडीत भरायचं तयार मिश्रण). यापेक्षा उथळ भरलं तर एप्रिलमध्ये रोज पाणी घालत बसावं लागतं. एका कॅनला साधारण २ लिटर लागतं, म्हणजे एक घनफूट पिशवीत १४ कॅन होतात; तुमच्या २२ कॅनना दोन पिशव्या आणा. अंगणातली माती घालू नका. ती गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत घट्ट बसते आणि तणाचं बी सोबत आणते. मिक्स आधी भिजवून घ्या, त्यातलं कोरडं पीट (कुजलेलं शेवाळ) पाणी झटकून टाकतं. ओल किती? लाडू वळायला घेतो तसं: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोट लावल्यावर फुटावा, पाण्याची धार लागू नये.

टेप घरातच, कोरड्या आणि कोमट कॅनवर लावा. थंडीत डक्ट टेपचा चिकटपणा आखडतो. अंगणात लावलेली टेप आठवड्यात सुटते. टोकाला अर्धा इंच दुमडून शेंडी ठेवा, म्हणजे मार्चमध्ये हातमोजे घालूनही ओढता येईल. वरचं बूच फेकून द्या. ते पहिल्या दिवसापासून लागत नाही, त्याच तोंडातून पाऊस, बर्फ आणि हवा आत जायची असते.

टेपचे रंग तीन घ्या, आणि रंग नावासाठी नाही, कामासाठी वापरा. निळी: ज्यांना थंडी हवीच. पिवळी: थंडी सोसणाऱ्या भाज्या. लाल: थंडी न सोसणारं. उद्या रात्री तापमान उतरणार आहे असं कळलं की वही उघडायची गरज नाही, लाल टेपवाले झाका. मार्चमध्ये अचानक ऊन तापलं की पिवळे आधी उघडा. एकेका रंगाचे कॅन एकत्र ठेवा. २२ कॅन सांभाळणं अवघड वाटतं कारण आपण त्यांना २२ समजतो. खरं तर ते तीन गट आहेत.

निळ्या गटात मिल्कवीड, कोनफ्लॉवर, लॅव्हेंडर अशी झाडं. हे २१ डिसेंबरच्या सुमाराला बाहेर गेले तरी चालतात. मिल्कवीडच्या बियांना साधारण महिनाभर ओल आणि थंडी एकत्र मिळावी लागते, कोरड्या पाकिटातली थंडी चालत नाही. (मिल्कवीड ही आपल्या रुईचीच भाऊबंद. रुईच्या पानांवर जसे बिबळ्या कडव्याचे सुरवंट वाढतात, तसे तिच्यावर मोनार्क फुलपाखराचे.) डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जाणाऱ्यांना हा गट सोयीचा आहे. विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात पेरायचा, वाऱ्याने उडणार नाही एवढं बघायचं आणि जायचं. माती गोठलेली असताना त्याला कुणाची गरज नसते, शेजाऱ्यांना किल्ली देऊ नका.

पिवळ्या गटात पालक, केल, मोहरी, शेपू, लेट्यूस हे फेब्रुवारीच्या मध्यापासून. कोथिंबीर आणि मेथी मार्चमध्ये. पालकाच्या २० बिया, केलच्या १२ ते १६, कोथिंबिरीचे २५ ते ३० दाणे एका कॅनला पुरे. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. लाटणं हलक्या हाताने फिरवून दाणा दुभंगायचा. डब्यातले धणे-मेथ्या पेरायच्या असतील तर आधी १० दाणे ओल्या टिश्यूत, घरातल्या उबेला, दहा-बारा दिवस ठेवून पाहा. पाचपेक्षा कमी उगवले तर पाकीट विकत घ्या.

लाल गट. तुमची मिरची उगवली नाही यात नवल नाही. मिरची, वांगी, भेंडी, गवार आणि तुळस ही उष्ण प्रदेशातली झाडं. मिरचीला उगवायला माती ७५ ते ८५ अंश फॅरनहाइटच्या आसपास लागते. गार ओल्या मातीत ते बी दोन महिने पडून राहतं आणि बहुतेक वेळा सडतं. जगलंच तर मेअखेरीला उगवतं आणि मिरच्या लागेपर्यंत पुन्हा थंडी येते. या पाचांसाठी हिवाळी पेरणीचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे: मिरची-वांगी घरात उबेला, भेंडी-गवार जूनच्या सुरुवातीला थेट जमिनीत. टोमॅटो आणि झेंडू मात्र चालतात, मार्चअखेर ते मध्य एप्रिलमध्ये पेरून. टोमॅटोच्या ६ ते ८ बिया, जास्त नकोत.

या तारखा मध्य न्यू जर्सी धरून आहेत. शिकागोकडे दोन आठवडे पुढे ढकला. एक लक्षात ठेवा: यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) नकाशातला झोन (२०२३ ला तो नव्याने आला) फक्त हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीची सरासरी सांगतो. शेवटचा फ्रॉस्ट (दव गोठवणारी थंडी) कधी पडेल हे त्यावरून कळत नाही. झोन ७ चं एक गाव आणि झोन ७ चंच दुसरं गाव यांत लावणीच्या वेळेचा तीन आठवड्यांचा फरक असू शकतो. पेरणीसाठी स्थानिक शेवटच्या फ्रॉस्टची तारीख बघा, झोन नाही.

कॅन ठेवायची जागा: वर आकाश मोकळं, पाऊस-बर्फ थेट पडेल अशी. पागोळीखाली नको, एक तर कोरडं राहतं, नाहीतर बर्फाचा सुळका पडून कॅन फुटतो. ड्राइव्हवे आणि पायवाटेपासून दूर, कारण बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ फावड्याबरोबर उडून कॅनमध्ये गेलं तर संपलंच. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पांढऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तिथे फेब्रुवारीच्या उन्हात बी फसून लवकर उगवतं आणि मार्चच्या थंडीत मरतं. सिमेंटवर किंवा लाकडी डेकवर सपाट ठेवलेला कॅन खाली चिकटून गोठतो आणि भोकं बंद होतात, म्हणून खाली दोन लाकडी पट्ट्या घाला. गोठून चिकटलेला कॅन ओढू नका, तळ फाटतो, आणि तुमचा क्रमांक तळावरच आहे. वाऱ्यासाठी सगळ्या मुठींमधून एक दोरी ओवून दोन टोकं खुंटीला बांधली की पुरे, किंवा दुधाच्या क्रेटमध्ये चार-चार कॅन.

बर्फ पडला तर काहीही करायचं नाही. झाडायचा नाही, उकरायचा नाही. बर्फाखाली तापमान बाहेरच्यापेक्षा स्थिर राहतं आणि वितळताना तोच पाणी घालतो.

खरं काम मार्चपासून. आठवड्यातून एकदा, नंतर दोनदा, कॅनच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आहेत का बघा. थेंब आहेत म्हणजे ओल आहे. थेंब नाहीत, वरची माती फिकट तपकिरी दिसते आणि कॅन उचलल्यावर हलका लागतो, तर पाणी. हलका म्हणजे किती हे कळावं म्हणून पेरणीच्या दिवशी एक भिजवलेला कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहून ठेवा. पाणी वरून तोंडातून ओतू नका, बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं आणि ओळी मोडतात. ट्रेमध्ये ४–५ सेंटीमीटर पाणी घेऊन कॅन त्यात २०–३० मिनिटं बसवा, वरची माती गडद झाली की काढा. गोठलेल्या मातीला पाणी कधीच नाही.

आता तुमची कोथिंबीर. ती लांबुडकी झाली कारण उगवल्यावर झाकण बंद राहिलं. बाहेर ५५ अंश फॅरनहाइट आणि लख्ख ऊन असेल तर बंद कॅनमध्ये सहज ९० च्या वर जातं. एका कॅनमध्ये स्वस्त थर्मामीटर ठेवा, अंदाज बसेल. रोपं ताणतात, नाजूक होतात, आणि दाटीत ओल राहिली तर बुडाशी सडून कोलमडतात. नियम असा ठेवा: गटातल्या निम्म्या कॅनमध्ये अंकुर दिसले आणि दिवसाचं तापमान ५० च्या वर जाऊ लागलं की सकाळी टेप सोडून झाकण मागे टाका, संध्याकाळी मिटा. पिवळ्या गटाला ३०–३२ अंशांची रात्र उघड्यावर फारशी बाधत नाही, पण सुरुवातीचा आठवडा झाका. रात्री ४० च्या खाली जायच्या थांबल्या की ते झाकण कापून टाका. लाल गटाचं झाकण मात्र शेवटच्या फ्रॉस्टपर्यंत ठेवा, आणि फ्रॉस्टचा इशारा आला की वरून जुनी चादर. कामावर जाणाऱ्यांना रोज उघडझाक जमत नसेल तर दोन बाजूंना रुपयाएवढी चार भोकं पाडून मोकळं व्हा. थोडं उशिरा वाढेल, पण भाजणार नाही.

झाकण कापलं की बाहेरच्या टेपवरचा क्रमांकही त्याच्याबरोबर जातो. त्या दिवशी प्रत्येक कॅनची आतली पट्टी वर ओढून वाचा, फिकी असेल तर तिथल्या तिथे पेन्सिलीने गिरवा. पाच मिनिटांचं काम, पण नावं हरवायचा हा पहिला धोका.

दुसरा धोका लावणीच्या दिवशी, आणि तो मोठा. दोन-तीन खऱ्या पानांची रोपं झाली की मातीचा सगळा ठोकळा कॅनमधून सरकवून काढायचा आणि सुरीने वड्या पाडतो तसे ५ सेंटीमीटरचे चौकोन कापून एकेक वडी लावायची. मुळं सुटी करत बसण्यापेक्षा हे बरं. पण एका कॅनची एक पट्टी आणि वड्या नऊ. पहिली वडी पट्टीसकट वाफ्यात जाते, उरलेल्या आठ बिननावाच्या ट्रेवर राहतात, तेवढ्यात फोन वाजतो. म्हणून ठोकळा काढण्याआधी तेवढ्या छोट्या पट्ट्या लिहून तयार ठेवा आणि एका वेळी एकच कॅन मोकळा करा. तो पूर्ण लावून, वहीत लिहून, मगच पुढचा. वाफ्यात ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे पट्टी. एक खारी उपटतात, दुसरी नळीने पाणी घालताना जाते, सहसा दोन्ही एकदम जात नाहीत.

कोथिंबीर वड्या पाडून लावू नका. तिचं सोटमूळ तुटलं की ती रुसते आणि लगेच फुलावर जाते. तिला कॅनमध्येच राहू द्या, १५ सेंटीमीटर झाली की कात्रीने कापा. मेथीचंही तेच. त्यांचे कॅन एप्रिलअखेर दुपारच्या सावलीत हलवा आणि दर तीन आठवड्यांनी नवा कॅन पेरा.

गेल्या वर्षीचे जे कॅन बिननावाचे पडून असतील आणि ज्यांत काही उगवलं नाही, ते ओतून देऊ नका. त्यांना ‘२५-अ’, ‘२५-ब’ असे क्रमांक द्या, ॲल्युमिनियमची पट्टी खोचा आणि कुंपणाच्या सावलीत अजून एक हिवाळा ठेवा. प्लॅस्टिक एव्हाना उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, दाबलं की कडकडून तुकडे पडतात. तसं असेल तर मातीचा ठोकळा न मोडता नव्या कॅनमध्ये सरकवा. तळावर आधी क्रमांक लिहून.